पाटावरचा गुलाबी डाग

मी पाट बोलतोय. बसायचा नव्हे, लाटायचा. पॉप्लरच्या लाकडाचा, जेवणाच्या टेबलाएवढा. इटलीतल्या फाएन्झा शहराच्या वरच्या टेकडीवर, म्हाताऱ्या आर्जियाच्या खाणावळीत माझं आयुष्य गेलं.

आर्जियाच्या लग्नात तिच्या सासऱ्याने शेताच्या कडेचं झाड तोडून मला घडवलं. तेव्हापासून माझ्यावर तिचेच हात. रोज सकाळी पिठाचा ढीग, मधोमध खळगा, खळग्यात अंडी. आमच्याकडे बलकाला ‘लाल’च म्हणतात, आणि मक्यावर पोसलेल्या आमच्या कोंबड्यांचा तो खरंच लालसर निघायचा. आर्जिया गोळा इतका पातळ लाटते की खालच्या माझ्या रेषा दिसतात. मग सुरीने त्याच्या लांब पट्ट्या कापते. त्याच तालियातेल्ले, अंड्याच्या रुंद शेवया. त्यांच्यासाठी शहरातून गाड्या भरभरून माणसं येतात.

दारावर पाटी आहे, ‘ताटातलं सगळं आमच्या शेतातलं’. आर्जियाच्या नवऱ्याने स्वतः रंगवलेली. तो गेला, पाटी राहिली. या घराची अब्रू म्हणजे ती पाटी.

माझा स्वभाव संशयी. दिवसभर उताणं पडून राहिलं की माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त दिसतात. आणि हातांना खोटं नीट बोलता येत नाही.

या वसंतात आर्जिया पडली आणि कमरेचं ऑपरेशन करून घरी आली. खुराडं खाली उतारावर, तिथवर तिला जाववेना. अंडी सून आणू लागली. नीवेस तिचं नाव, बोलोन्याची, शहरातली. पहिल्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळी अंडी एका मापाची. प्रत्येकावर पेंढ्याची एकेक काडी, कुणी मुद्दाम लावल्यासारखी. आणि फोडल्यावर लाल कसलं, फिक्कट पिवळं!

“कोंबड्या आजारी आहेत का गं?” आर्जियाने विचारलं.

“छे हो आई, दाणे बदललेत,” नीवेस पटकन म्हणाली. जरा जास्तच पटकन.

खिडकीतून सकाळची कलकलही ऐकू येत नव्हती. नीवेस आपली अंडी बाजारात विकून स्वस्तातली घरात आणते, असा माझा पक्का ग्रह झाला. त्यात एकदा आर्जियाची पाठ वळल्यावर तिचा मुलगा लेआर्को आणि नीवेस कुजबुजताना ऐकले.

“सांगून टाक तिला.”

“रविवार होऊ दे. आपल्याकडे गावातल्या एका बारशाची पंगत आहे.”

म्हणजे दोघंही सामील!

शनिवारी सकाळी नीवेसने घाईघाईत एक ओलं अंडं माझ्यावर ठेवलं. त्याला व्हिनेगरचा वास येत होता. उचललं तेव्हा माझ्या अंगावर गुलाबी डाग उमटला होता. दोन अक्षरं, उलटी. इथे दुकानातल्या प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो, तोच, व्हिनेगरने अर्धवट पुसलेला.

आर्जियाने चष्मा पुसला, वाकली, बघितलं.

“लेआर्को!” तिने हाक मारली. “इकडे ये रे बाळा. आपल्या कोंबड्या कधीपासून लिहायला शिकल्या?”

लेआर्कोने दारातूनच नीवेसकडे पाहिलं. नीवेसच रडत पुढे आली. “कोल्ह्याने एकही ठेवली नाही, आई. तुम्ही हॉस्पिटलात होतात. तुमच्या कोंबड्या त्या. सांगितलं असतं तर तुम्ही उतारावर धावत गेला असतात, पुन्हा पडला असतात. नवी पिल्लं आणलीत, पण ती अंडी घालायला अजून वेळ आहे.”

“आणि तोवर दारावरची पाटी काय म्हणणार?”

“उद्या तालियातेल्ले नसतील तर लोक उठून जातील, आई,” लेआर्को म्हणाला. “मग पुन्हा कोण येईल?”

“जाऊ देत. पीठ आपलं आहे, पाणी आपल्या विहिरीचं आहे. अंडी उचल ती.”

आणि तिने नुसत्या पीठ-पाण्याचा गोळा मळला. पट्ट्या कापून एकेक तळहातांत पिळली. याला इथे ‘पाद्र्याचा गळा घोटणारे’ म्हणतात. पूर्वी म्हणे अंडी पाद्री घेऊन जात, आणि बायका शिव्या देत हे बिनअंड्याचं करत.

पंगतीला नेमके फादर एजिस्तोच पहिल्या खुर्चीवर.

“आर्जिया, तालियातेल्ले कुठे?”

“कोल्ह्याने तुमच्या आधी नंबर लावला, फादर. आज तुमचा गळा घोटायचा बेत आहे.”

लेआर्कोने घाईने ताट त्यांच्यापुढे ठेवलं. मग फादरच आधी हसले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दोन कुटुंबं मात्र उठून गेली, हेही सांगितलं पाहिजे.

शरद ऋतूत नीवेसने एक अंडं आणलं. लहानसं, वाकडं, मळकट. आर्जियाने ते फोडलं नाही. “बघ गं, काही लिहिलंय का?”

नीवेसने उलटसुलट करून पाहिलं. “नुसती शी आहे, आई.”

“मग फोड तूच.”

खळग्यात लाल पडलं. तेव्हापासून पिठात सासू-सुनेचे चार हात असतात. नीवेसच्या हातांवर माझं लक्ष असतंच, स्वभावाला औषध नाही.

तो डाग अजून माझ्यावर आहे. आर्जिया मला रोज खरवडते, तेवढी जागा सोडून. कधी जेवायला आलात तर बेलाशक स्वयंपाकघरात या, माझ्यावर हात फिरवा, हवं ते विचारा. आम्हाला राग येणार नाही. जिथे असं विचारल्यावर राग येईल, तिथलं अंडं मात्र एकदा उलटून बघा.