पालथा पेला

वैशाखातल्या त्या संध्याकाळी आबा ओसरीवर बसून अमेरिकन दारू हुंगत होते आणि सुट्टीला घरी आलेली मी नेहमीसारखी पदर नाकाला लावून दारात उभी होते. आई तशीच उभी राहायची. ती गेल्यावर तिची जागा मी घेतली.

आबांची सारी नोकरी पलटणीच्या ऑफिसर मेसमध्ये, हवालदार म्हणून, दारूच्या कपाटाशी गेली. पेन्शनीवर कोरेगावजवळच्या आमच्या गावी आल्यावरही साताऱ्याचे जुने फौजी बाटल्या घेण्याआधी माल पारखून घ्यायला त्यांच्याकडे येत. त्या दिवशी लालासाहेब जमादार आले होते. लढाई संपून अमेरिकन गोरे परत गेले, त्यांच्या मागं राहिलेल्या थोड्या पेट्या सांगलीच्या एका ठेकेदाराच्या हाती लागल्या होत्या. लेबलावर हातानं घातलेले नंबर, म्हणजे मोजक्याच बाटल्या.

"स्कॉचच्या निम्म्या भावात देतोय, हवालदार. संपली की परत मिळायची न्हाई. पर मक्याची हाय म्हनं."

"मक्याची?" आबा हसले. "मका आमची म्हैस खाती. तिला इचारा की."

"म्हैस बोलंना, म्हनून तुमच्याकडं आलो."

आबांनी पेल्यात थोडी बुरबन, ती मक्याची अमेरिकन व्हिस्की, ओतली, एक थेंब तळहातावर चोळून हुंगला, मग घोट जिभेवर घोळवला.

"गोड हाय. गुळाच्या काहिलीची खरवड. मागनं जळकं लाकूड."

"मग घेऊ सगळ्या?"

"थांबा की. ओला पेला समद्यांशीच गोड बोलतो. वाळू द्या, सकाळी सांगतो."

उरलेली पिऊन त्यांनी पेला झटकला आणि ताटलीवर पालथा घातला. ही त्यांची रीत. हलका माल रातोरात उडून जातो. चांगल्याचा वास वाळल्या पेल्यात कोंडून राहतो.

सकाळी पेला हुंगण्याआधी ते धार काढायला गोठ्यात गेले आणि तिथंच कोसळले, ते उठलेच नाहीत.

आबांची थोरली बहीण, धोंडुआत्या, आली ती पदर खोचूनच. तिनं भरलेलं पाणी ओतून दिलं, भांडी अंगणात काढून राखेनं घासायला घेतली. सुतकाच्या घरात हे करावंच लागतं. मी पेला ताटलीसकट उचलून फडताळात ठेवला. मग पुस्तकांच्या ट्रंकेवर. मग कोनाड्यात. बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि माझं लक्ष कोनाड्याकडे. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. सांगलीच्या शाळेत मी मुलींना शिकवते, मरणाविषयी पुष्कळ वाचलं होतं. त्यातली एक ओळ आठवेना. आबांचं अर्धवट राहिलेलं एवढंच काम घरात होतं, आणि ते राखेच्या एका हातानं निघून गेलं असतं.

राख सावडायच्या दिवशी लालासाहेब आले. टोपी गुडघ्यावर फिरवत बसले. बाटलीचं नाव त्यांनी काढलं नाही. आत्याला कोनाड्यातला पेला सापडला तो नेमका तेव्हाच.

"अगं माले, दारूचा पेला? आन हिकडं, घासती."

"आत्या, हात लावू नको!"

घरात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. तिच्या हातातली ताटली घेऊन मी ओसरीवर आले, पेला उचलला आणि पदर खाली सोडून वास घेतला. काहिलीची खरवड होती. जळकं लाकूड होतं. आणि त्याखाली, आबांनी न सांगितलेलं, शेकोटीत विसरलेलं कणीस.

"घ्या सगळ्या, लालासाहेब. मक्याची आहे, पण माल खरा आहे."

त्यांनी मान वर केली. "हे हवालदाराचं म्हननं समजू?"

"नाही. माझं."

आत्या दारात बघत राहिली. आबा बसायचे ती घोंगडी अजून खांबाशीच होती. मी त्या घोंगडीकडे तोंड केलं.

"आबा, मला हा वास आवडायचा. लहानपणापासून. पदराआडूनसुद्धा मी तोच घेत होते."