दादाची खिडकी

पालिकेच्या बाई येणार म्हणून मी घर आवरायला घेतलं, आणि दादाने त्यातलं नेमकं दाखवायचं तेच लपवलं. या माणसापुढे मी हात टेकलेत.

दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवरून पडला आणि पाय कायमचे गेले. आता त्याचा अपंगांचा भत्ता आणि माझं शिवणकाम यावर आम्हा भावाबहिणींचं चालतं. असा भत्ता मिळणाऱ्या माणसासाठी घरात खास खोली राखली असेल, तर घरपट्टीत सूट मिळते; तेच तपासायला बाई येणार होत्या. सूट नाही मिळाली तर दादाची रस्त्याकडची खोली भाड्याने द्यायची आणि त्याला मागच्या अंधाऱ्या खोलीत हलवायचं, असं नाइलाजाने ठरलं होतं. खिडकीत बसून तो दिवसभर समोरच्या पाट्यांना नावं ठेवतो. ती खिडकी गेली तर हा माणूस खचेल, या विचाराने माझी झोप उडाली होती.

मी दूध आणायला गेले तेवढ्यात या पठ्ठ्याने शेजारच्या सुताराला हाताशी धरलं. येऊन बघते तर चाकांची खुर्ची गायब, पलंगावर टांगलेला, धरून उठायचा दोर गायब. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आरामखुर्चीत, मांडीवर वर्तमानपत्र. पायावर पायसुद्धा ठेवून घेतला होता!

"अरे दादा, त्या काय बघायला येतायत?"

"चिमे, घरी माणूस येतंय. आल्यागेल्यासमोर आपलं दुखणं मांडायचं नाही, आईने काय शिकवलंय?"

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात घंटा वाजली.

बाई दमलेल्या दिसत होत्या. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "तब्येत कशी आहे?"

"एकदम ठणठणीत!"

"रोजचं सगळं जमतं?"

"जमतं की. काही अडत नाही."

मी तोंड उघडलं, तर म्हणतो, "हिचं मनावर घेऊ नका. हिला राईचा पर्वत करायची सवय आहे."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. "यांच्यासाठी खास असं इथे काही दिसत नाही हो," त्या हळूच मला म्हणाल्या आणि उठल्या.

आता, पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जायचं, हीसुद्धा आईचीच शिकवण. दादाने सवयीने दोन्ही हात खुर्चीवर रोवले. खांदे उचलले गेले, बाकी सगळा तिथेच. वर्तमानपत्र घसरून खाली पडलं. त्याने पुन्हा जोर लावला. बाई दारात थांबल्या होत्या. मला त्याच्याकडे बघवेना.

चाकांच्या खुर्चीला तो नेहमी 'तुझा तो खटारा' म्हणायचा, जशी काही ती माझ्याच हौसेने आलीय.

"चिमे," तो म्हणाला, "माझी खुर्ची आण."

मागच्या दाराशी थांबलेल्या सुताराने ती आत आणली. मी दादाच्या काखेत हात घातले, त्याने माझ्या गळ्याला मिठी मारली, आणि रोजच्यासारखं "हं, चल" म्हणत मी त्याला उचलून बसवलं. खुर्ची वळावी म्हणून आम्ही इथलं कपाट केव्हाच काढून टाकलंय. त्या मोकळ्या जागेत तो सहज वळला. बाईंनी पर्समधून मोजपट्टी काढली. मोकळी जागा मोजली, सुताराने रुंद करून दिलेलं दार मोजलं. मग वर बघत म्हणाल्या, "आणि पलंगावरचा हा हूक कशाला?"

सुताराने मान खाली घालून पाठीमागे धरलेला दोर पुढे केला. बाई पहिल्यांदाच हसल्या.

"सूट मिळेल. ही खोली यांचीच आहे, तसं लिहिते मी."

मला रडू फुटलं. दादाने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तो खुर्ची ढकलत बाईंच्या पुढे गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने दार उघडून धरलं.

"या परत," तो म्हणाला. "मी इथेच असतो, खिडकीत."