दोन पट्ट्यांचा लॅपटॉप

पटणार नाही तुम्हाला, आणि पटूच नये अशी माझी इच्छा आहे. गोष्ट पहिल्या फटक्यात पटली तर सांगणाऱ्याची किंमत ती काय राहिली? तर सूनबाईच्या लॅपटॉपची गेलेली स्मरणशक्ती मी, चाळीस वर्षं घड्याळं उघडलेल्या माणसानं, एका दुपारात परत आणली.

सूनबाई कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. तीनशे पानांचं काम उद्या दुपारी बाराला द्यायचं, नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला. आणि लॅपटॉप दर चौथ्या पानाला ‘मेमरी एरर’ म्हणून निळा पडत होता. बंद करून चालू करणं झालं, सगळं पुसून पुन्हा भरणं झालं, तपासणीचा प्रोग्राम लावला तर पडदाभर लाल ओळी. दुरुस्तीवाल्यानं नव्याच्या निम्मी किंमत सांगितली. चिरंजीव म्हणाले, नवाच घे. त्यांना प्रत्येक गोष्टीवर हेच सुचतं. अजून बायकोबद्दल सुचलेलं नाही हे सूनबाईचं नशीब. मी बघतो म्हणालो, तर ती गोड हसून म्हणाली की बाबा, घड्याळं वेगळी, हे वेगळं. झालं, माझी तार सटकली. जिथे अख्खी गल्ली मोडकी यंत्रं घेऊन रांग लावायची, त्या घरातून वस्तू दुरुस्तीला बाहेर जाणार?

संध्याकाळी ती लॅपटॉप पिशवीत घालून निघाली. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, ते दुकानात पोचेपर्यंत ठरवणार होती. मी दारातच खुर्ची टाकली आणि सांगितलं, काम झालंय, पिशवी ठेव. आणि सगळी हकीकत ऐकवली.

दुपारी ती मैत्रिणीकडे लॅपटॉप मागायला गेली होती ना, तेव्हाच मी डोळ्याला भिंग लावून मागचे स्क्रू काढले. आत रॅमच्या, म्हणजे स्मरणशक्तीच्या, दोन पट्ट्या, जावाजावांसारख्या शेजारी बसलेल्या आणि एकमेकींशी अबोला धरलेल्या. अशा वेळी कारागीर दोघींना वेगळं करतो आणि एकेकीची उलटतपासणी घेतो. पहिली एकटी लावली. पडद्यावर उमटलं, ‘आपण कोण?’ मी नाव सांगितलं. अर्ध्या मिनिटानं पुन्हा ‘आपण कोण?’ थेट आमचे व्याही, जेवून हात धुतात आणि विचारतात, बसायचं का जेवायला? मग दुसरी लावली. हिला नको तेवढं आठवत होतं. लग्नापासून बायकोला मारलेल्या थापा तारीखवार उमटायला लागल्या, आणि बायको पाठीशीच उभी. एकोणतिसाव्या थापेला मी वायर उपटली.

विसराळू पट्टी खोडरबरानं घासली. ही युक्ती खरी आहे, कोणालाही विचारा. तिच्या कडेचे धातूचे पिवळे दात लखलखले, पण खाली जो चुरा पडला त्यात सगळा विसर उतरला होता. तो मुंग्यांनी नेला. दहा मिनिटांत आमच्या मुंग्या वारूळ विसरून शेजाऱ्यांकडे मुक्कामाला गेल्या. शेजारी अजून साखरेचा डबा कवटाळून बसलेत. उरलेली चिमूट बायकोनं झाडताना हुंगली आणि एकोणतीसच्या एकोणतीस थापा साफ विसरली. मग दोघी जावा जागेवर बसवल्या, तासभर लॅपटॉप पळवला. एकदा निळा पडला असेल तर नाव बदलीन. तेव्हा सूनबाई, दुरुस्ती नको, नवा नको. बस आणि पानं पूर्ण कर.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली की तिला असलं काहीच आठवत नाही. याहून भक्कम पुरावा कुठला?

सूनबाईनं पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, जिंकलो. पण तिनं हात मोकळे केले होते ते चपलेचा पट्टा लावायला. तो लावून तिनं पिशवी पुन्हा खांद्याला अडकवली आणि माझी खुर्ची हळूच बाजूला सरकवली.

“बाबा, परवा दुकानात हा माझ्यासमोर उघडला होता. याच्यात पट्ट्याबिट्ट्या नाहीतच. रॅम बोर्डालाच कायमची डाग देऊन बसवलेली असते, म्हणून अख्खा बोर्ड बदलायला लागतो. तोच बदलून आणते, नवा नाही घेत. पण खोडरबरानं तुम्ही नेमकं काय घासलंत, तेवढं सांगा.”