दहा मिनिटांचा चौकोन

शर्टाचं शेवटचं बटण लावताना बायकोने पुन्हा बजावलं, "उजवा हात खिशातून काढायचा नाही. विचारलं तरच दाखवायचा."

"हात माझा आणि हुकूम तुझा," काटेवाले हसले.

वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या काट्याचा लोखंडी पाट उजव्या हातावर पडला, काम सुटलं, आणि तेव्हापासून घर सरकारी भत्त्यावर चालत होतं. दरवर्षी दवाखान्यात तपासणी व्हायची, तशी आज होती. काम करता येत नाही असा शेरा मिळाला की भत्ता पुढे चालू. यंदा मात्र अंगठा आणि पहिलं बोट थोडं वळू लागलं होतं. बातमी खरं तर चांगली, पण दोघांनी ती चोरीच्या मालासारखी घरात दडवली होती.

दवाखान्यात त्यांच्या आधी एक तरुण आई तान्ह्या मुलीला घेऊन गेली होती. दार उघडंच होतं. डॉक्टरबाईंनी बाळाला पारड्यात ठेवलं, दांडीवरचं वजन सरकवलं आणि सांगितलं की पंधरा दिवसांत तीनशे ग्रॅम वाढलंय, आता वरचं दूध बंद केलं तरी चालेल. आईचा चेहरा उजळला. बाळाला खांद्याशी धरून ती औषधाच्या खिडकीकडे गेली.

काटेवाले आत जाऊन बसले. डॉक्टरबाई त्यांचा कागद शोधत होत्या आणि यांची नजर काट्यावर. पारडं रिकामं, वजन शून्यावर आणलेलं, तरी दांडीचं टोक वर चढलेलं. पारड्यात नवी जाड गादी घातली होती. घातल्यावर शून्य जुळवायचं कोणाला सुचलं नव्हतं. बाळाबरोबर गादीही तोलली गेली होती.

नुसतं तोंडाने सांगितलं असतं तरी भागलं असतं, हे त्यांना मागाहून सुचलं. त्या क्षणी ते उठले, डाव्या हाताने दांडी धरली आणि टोकाचा बारीक स्क्रू उजव्या हाताच्या चिमटीत पकडून फिरवू लागले. पाव फेरा, मग आणखी थोडा. दांडी आडवी स्थिरावली.

"त्या आईला परत बोलवा," ते म्हणाले.

पुन्हा तोललं तेव्हा कळलं, बाळ मुळीच वाढलेलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी दूध पुन्हा लिहून दिलं आणि आई बाळाला घेऊन गेल्यावर काटेवाल्यांच्या हाताकडे पाहत राहिल्या. असं काम किती वेळ जमतं, त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं. मग दिवसभर हात ऐकत नाही."

"या कागदावर दोनच चौकोन आहेत. काम करू शकतो, नाही तर करू शकत नाही. दहा मिनिटांचा चौकोन नाही यात." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी काही पाहिलंच नाही, असं..."

काटेवाल्यांनी हात खिशात घालून पाहिला. बोटांना खिसा सापडेना.

"पाहिलंत ते लिहा, बाई. दुकानदारांना सव्वीस वर्षं हेच सांगत आलो."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं, 'काम करू शकतो'वर पडलेली खूणही. "एक दिवस, एक दिवस तुमच्याने हात खिशात ठेववला नाही," एवढंच म्हणाली. मग तिने विचारलं, "आणि बाळ?"

"दूध चालू ठेवलंय."

काटेवाले शर्टाचं वरचं बटण काढायला झगडत होते. बोटं काजावरून घसरत होती. ती उठली, त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि सकाळी लावलेली बटणं एकेक करून काढू लागली.