काळीच्या मुखाजवळचा गाळ

तुळजा जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्ड्याची. गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत ती समुद्राच्या गाळातल्या जिवाणूंवर काम करायची. काळी नदी कारवारला समुद्राला मिळते, तिथून अठरा मीटर खोलीवरचा गाळ तिनं चार वर्षांपूर्वी काढून आणला होता. त्यातला एक जिवाणू काचेच्या बशीत फिकट केशरी ठिपक्यांनी वाढला आणि माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी जुळेना. तिनं आधी एक जनुक ताडून पाहिलं, मग सगळा जनुकसंच. तो मीठ किती सोसतो, कुठली साखर खातो, किती उष्णतेला मरतो, तेही तपासलं. जात नवीच होती. तिनं नाव ठरवलं, जोयडेन्सिस.

"आमच्या जोयड्याचं नाव? दर्यातल्या किड्याला?" तिचे वडील, अप्पा, हसले होते.

"काळी आपल्याच डोंगरातनं जाती न्हवं, अप्पा. गाळ पण हितलाच असंल."

तेव्हापासून घरी येईल त्याला अप्पा हेच सांगायचे.

नाव मान्य व्हायला जिवंत जिवाणू दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. आपल्याकडच्या संग्रहानं तो घेतला. परदेशी पाठवलेली नळी वाटेत अडकली, पोचली तेव्हा आतलं सगळं मेलं होतं. पुन्हा पाठवायची तर परवानग्या पहिल्यापासून. तेवढ्यात अप्पांच्या किडन्या गेल्या आणि तुळजा घरी आली. सात महिने तसेच गेले.

एकदा ती औषधं आणायला रामनगरला गेली. स्टँडवर फोनला रेंज आली आणि प्रयोगशाळेतल्या श्वेताचा फोन आला.

"तुळजा, कोरियातल्या लोकांचा पेपर आलाय. त्यांचा जनुकसंच आपल्याशी लावून बघितला मी. नव्व्याण्णव टक्के जुळतो."

"नाव दिलंय त्यांनी?"

"दिलंय. मान्यही झालंय."

"मग आपला?"

"त्यांच्याच जातीतला आणखी एक नमुना," श्वेता म्हणाली.

घरी येऊन तिनं अप्पांना सांगितलं. तिची आई फुला पेज वाढता वाढता थांबली.

"गाळ तू आधी काढलास न्हवं?" अप्पांनी विचारलं.

"व्हय. पण आधी छापंल त्येचं नाव ऱ्हातंय."

"मी समद्यांस्नी सांगून बसलोय गं," म्हणून अप्पांनी कूस बदलली. पेज तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी शेजारचा गणपती आला. "लागलं काय नाव?" त्यानं विचारलं.

"लागलं की," अप्पा म्हणाले.

चुलीपाशी बसलेल्या तुळजानं ते ऐकलं. ती बाहेर आली नाही.

अप्पा पंधरा दिवसांत गेले. बाराव्याला आलेल्या लोकांनी तिला कौतुकानं तेच विचारलं. प्रत्येकाला ती "व्हय" म्हणाली.

मग गोव्याला जाऊन तिनं आपला पीएच.डी.चा प्रबंध उघडला. जोयडेन्सिस शब्द एकशे बारा ठिकाणी होता. दुपारपर्यंत तिनं तो सगळीकडून काढला आणि कोरियन लोकांनी दिलेलं नाव घातलं.