चिंचेने घासलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनं पदक आहे. काशाचं, छत्तीस मिलिमीटर रुंद. पहिलं महायुद्ध मिळून जिंकलेल्या देशांनी आपापल्या सैनिकांसाठी माझ्यासारखी लाखो पदकं पाडली. सगळ्यांवर पंख पसरलेली विजयदेवी. वेगळेपण फक्त कडेवर होतं. माझ्या कडेवर बारीक अक्षरांत एका सैनिकाचं नाव ठोकलेलं होतं: कळसच्या बिरदेवचं.

बिरदेव मेंढरं भावाकडे सोपवून पलटणीत गेला आणि इराकातल्या बसऱ्याला तापाने वारला. घरी त्याच्याऐवजी मी आलो. त्यांच्यात वारलेल्या माणसाचा टाक करतात, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली लहानशी मूर्ती, आणि ती देव्हाऱ्यात पुजतात. माझ्यावरची आकृती पाहून बिरदेवच्या बायकोने मलाच त्याचा टाक मानलं. दर अमावास्येला ती मला चिंच-राखेने घासायची. पुढे हे काम सुनेकडे, तानूबाईकडे आलं. आल्यागेल्या बायका म्हणत, "टाक उजळावा तर तानूबाईनं!"

१९९६ साली शाळेपुढे, युद्धावर गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. गावातले दादासो पारावरून तानूबाईला हसत म्हणाले, "वयनी, तुमचा सासरा लढाईवर कवा गेला? मेंढरं टाकून पळाला म्हणत्यात."

"मामंजींचं नाव हाय बिल्ल्याच्या कडंला. मालक सांगायचं. दावते मास्तरला."

घरात दुसरा काही पुरावा नव्हता. शाळेच्या माधव मास्तरांनी मला भिंगाखाली धरून सावकाश फिरवलं. एक फेरी झाली. दुसरी झाली.

"आजी, हे कशानं घासता?"

"चिंचंनं आन् राखंनं. एक अवस चुकवली न्हाय."

"आंबटानं धातू थोडा थोडा विरघळतो. राखेनं झिजतो. एकही अक्षर उरलेलं नाही."

तानूबाईने माझ्या कडेवरून बोट फिरवलं.

"म्हंजी म्याच पुसलं व्हय?"

मास्तर भिंग पुसत राहिले.

दगड बसला. त्यावर अकरा नावं आहेत. बिरदेवचं नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण पदकाला बोलता येत नाही. त्याचं फारसं काही वाटलंही नाही. इतकी वर्षं घासल्यावर काय वाटायचं उरतं?

पुढच्या अमावास्येला तानूबाईने सवयीने चिंच भिजवली. मला हातात घेतलं. मग चिंचेचं पाणी अंगणात ओतलं आणि मला पदराने कोरडंच पुसून जागेवर ठेवलं. तेव्हापासून मी काळा पडतो आहे.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू उजळायला घेण्याआधी ती वाचा. वाचता येत नसेल, तर ज्याला येतं त्याला दाखवा. तिच्यावर नाव असेल, तर आधी वहीत उतरवा.

माझ्यावर होतं ते नाव बिरदेव. गाव कळस. तुम्ही तरी लिहून घ्या.