आतून कडी

पावसाळ्यातल्या वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचन संपलं की पुरुषमंडळी शाळा सुटल्यासारखी तंबाखू मळायला बाहेर पळतात. बायका मात्र सतरंजीवरून हलत नाहीत. घरी जाऊन भाकऱ्याच थापायच्या असतात, जितका उशीर तितका बरा. त्या वेळात माझी थोरली जाऊ संजीवनी आम्हाला तिचं गाव सांगायची.

हे गाव कुठं नव्हतं. तिनंच ते मनानं रचलं होतं. तिथं लेक सासरी जात नाही, जावईच नांदायला येतो, आणि येताना स्वतःची ताटवाटी घेऊन येतो. पंचायतीत सगळ्या बायका. पुरुष दळण आणतात, पोरं धुतात, आणि दुपारी ओट्यावर बसून ‘आमच्या हिला माझी किंमतच नाय’ म्हणून एकमेकांपाशी रडतात. हे ती इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगायची की आमची हसून हसून मुरकुंडी वळायची. नियम एकच होता. तिथल्या आपल्या घरात काय हवं ते प्रत्येकीनं मागायचं, आणि संजीवनी ते बांधून द्यायची.

शेजारच्या लहानीनं दारात नळ मागितला. आमच्या शहापूर तालुक्यात धरणं उशाशी, त्यांचं पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात आम्ही हंडे घेऊन टँकरमागं. ती बिचारी दुसरं काय मागणार? म्हाताऱ्या भीमाबाईचा नवरा कधीच वारला होता. ती म्हणाली, "माजा सोमा पायजे. पन चा त्यानं करायचा." मी बिनबोलका नवरा मागितला. संजीवनी म्हणाली, "रत्ना, तसा मानूस गोष्टीत पन मिलत नाय गो."

गेल्या वर्षी संजीवनीची लेक श्वेता माहेरी आली होती. मुरबाडकडच्या एका गावात दिलेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि पोरगी पार सुकली होती. अंगावर ताप नाही, पोटात काही नाही, नुसती झोपायची. विहारात मात्र रोज यायची. एका संध्याकाळी भीमाबाईनंच तिला ढोसलं, "तू काय मागतेस गो?"

श्वेता म्हणाली, "मला एक खोली. आतून कडी असलेली."

"कडी लावून काय करशील? घोरशील?" भीमाबाई म्हणाली, आणि आम्ही सगळ्या खो खो हसलो. श्वेताही हसली. संजीवनीनं तिला खोली दिली, पितळी कडी दिली, आणि वर एक कायदाही करून टाकला. म्हणाली, "आमच्या गावात लेकीला नको असंल तर तिला कुनी परत पाठवत नाय." बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच दिवशी श्वेताच्या सासरहून फोन आला. नणंदेला बघायला पाहुणे येणार होते, सुनेला पाठवा म्हणाले. श्वेता म्हणाली, "मला नाय जायचं." का, ते सांगेना. संजीवनीनंच तिची पिशवी भरली. पापड घातले, सुकट घातली, नवी साडी घातली.

शहापूरच्या एसटी स्टँडवर मीही सोबत होते. मी म्हटलं, "ताई, राहू दे ना तिला थोडे दिवस."

"आनि लोकांना काय सांगू? लग्न करून लेक घरात बसवलीय?"

श्वेता आईकडं बघत होती. तिनं हळूच विचारलं, "आई, तुज्या गावात तर पाठवत नाय ना?"

"अगो, ती गोष्ट हाय," संजीवनी म्हणाली. "थोडी कल काढ. समद्यांनाच जड जातं पयल्यांदा."

मुरबाडची गाडी लागली. श्वेता खिडकीत बसली आणि म्हणाली, "जाते मी." आमच्यात निघताना ‘येते’ म्हणतात. संजीवनी तिच्यावर ओरडली, "येते म्हनावं गो!" पोरीनं काही म्हणायच्या आत गाडी सुटली.

भातकापणीच्या दिवसांत पुन्हा फोन आला. विहिरीवर पाय घसरला, पोरगी गेली, म्हणाले.

आम्ही गेलो तेव्हा तिची खोली मी पाहिली. दाराला बाहेरून कडी होती. आतून नव्हती. आधी कधीतरी असावी, कारण फळीवर स्क्रूची चार भोकं होती, कुणीतरी काढून टाकलेली. जावई रातपाळीला जायचा आणि घरात मोठा दीर असायचा. याच्यापुढं माझ्यानं बोलवत नाही. संजीवनीनं त्या भोकांवर बोटं ठेवली आणि ती खाली बसली. तिला मी कशी उचलून बाहेर आणली ते माझं मला माहीत. आम्ही तक्रार दिली आहे. तारखा पडतात. दीर जामिनावर मोकळा फिरतो आहे, आणि त्याच्या तोंडावर थुंकावं असं मला रोज वाटतं.

यंदा वर्षावास लागला तेव्हा वाटलं होतं, संजीवनी विहारात येणार नाही. पण ती आली. वाचन झालं, पुरुष बाहेर गेले, बायका बसून राहिल्या. गाव सांग म्हणायची कुणाची छाती होईना.

तिनं पिशवीतून एक कडी काढली. शहापूरच्या बाजारातून आणलेली, साधी, लोखंडी. विहाराच्या मागं एक खोली आहे, सतरंज्या आणि भोंगा ठेवायची. तिला बाहेरूनच कडी होती. संजीवनीनं ती उचकटून काढली आणि नवी कडी दाराच्या आतल्या बाजूला बसवायला घेतली. मी सुताराला बोलवू का विचारलं, तोवर तिनं पहिला स्क्रू पिळायला घेतला होता. लाकूड जुनं, स्क्रू जाईना. भीमाबाईनं दार धरलं, मी बॅटरी धरली. कडी थोडी वाकडी बसली, पण लागत होती.

पुरुषांनी कुरबुर केली, की विहाराच्या खोलीला आतून कडी कशाला. भीमाबाई म्हणाली, "तुमाला कशाला पायजे उत्तर? घरी जावा."

काही दिवसांनी वाचन संपल्यावर छाया मागं रेंगाळली. ती वरच्या आळीतली नवी सून, अजून मान वर करून बोलत नव्हती. तिनं संजीवनीला विचारलं, "काकी, ती कडी रातची पन लावता येते का?"

भीमाबाईनं पदर तोंडाला लावला. संजीवनीनं काही विचारलं नाही. तिनं सतरंजी झटकून अंथरली, उशाला स्वतःची शाल घडी करून ठेवली, आणि आम्ही बाहेर आलो. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं छायाची सासू सुनेला शोधत आली. संजीवनी दाराला पाठ लावून पायरीवर बसली होती. "पोर झोपलीय," ती म्हणाली. "सकाली बोलू." सासू बडबडत निघून गेली.

मी संजीवनीशेजारी बसले. माझा हात धरून ती म्हणाली, "एवढंच होतं गो रत्ना. एवढंच मागितलं होतं तिनं."